डालड्याच्या डब्यातली वाडी

आमच्या लालबागच्या चाळीच्या पुनर्विकासाचा करारनामा पीडीएफमध्ये आला, तेव्हा तो घरातल्या इंजिनिअरने वाचावा असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं. मी कोडमधला बग शोधावा तशी एकेक शब्द टाकून शोधत गेले. 'कार्पेट एरिया' पानोपानी होता. 'गॅलरी' एकदाही नव्हती. आमच्या मजल्यावरच्या दहा खोल्यांसमोरून जाणारा लाकडी कठड्याचा पट्टा कागदावर 'कॉमन पॅसेज' होता आणि त्याचं क्षेत्रफळ कुणाच्याच नावावर नव्हतं.

आजीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि माझी झाडां?"

झाडं म्हणजे कठड्याला तारेने बांधलेले अकरा डबे. एक तुळस, दोन जास्वंदी, चार डबे अबोली, आणि गुलबक्षी, सदाफुली, चिनी गुलाब, मोगरा यांचा प्रत्येकी एक. करारात झाडांचा उल्लेख असावा ही अपेक्षा मला तेव्हा भाबडी वाटली. नंतर रात्री लॅपटॉपवर आणि सुट्टीच्या दिवशी लायब्ररीत मी या भागाचा इतिहास वाचत गेले, तेव्हा कळलं की इथे घरं बांधताना बाग हिशेबातून गळण्याची ही पहिली वेळ नाही.

गिरगावातल्या पाट्या वाचत चाला. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी. मग मुगभाट, बोरभाट. कोकणात वाडी म्हणजे घराभोवतीची नारळ-पोफळीची बाग, आणि भाट म्हणजे माडाबागायतीची जमीन. गिरगावातही ते तसंच होतं. पोर्तुगीज भाषेत बागेला 'होर्ता' म्हणतात. त्यावरून इंग्रजांच्या कागदपत्रांत मुंबईतल्या या माडांच्या बागांना 'ओर्ट' हे नाव पडलं. भंडारी माडांवर चढून माडी काढत. माडांना खत म्हणून मासळी घालत, आणि सतराव्या शतकात आलेल्या इंग्रजांनी त्या वासाबद्दल नाक मुरडल्याच्या नोंदी आहेत. हे वाचताना मला हसू आलं, कारण आमची आजी बांगडे धुतलेलं पाणी जास्वंदीला घालायची आणि शेजारच्या खोलीतून तीच तक्रार यायची.

वाडी जगायची विहिरीवर. पुढे शहर वाढलं. १८५६ साली ताडदेवला पहिली कापडगिरणी सुरू झाली, १८६० च्या सुमारास विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं, आणि माणसं येतच राहिली. वाड्यांमध्ये चाळी उभ्या राहिल्या. माड गेले, फणस गेले, नावं तेवढी राहिली. 'वाडी' म्हणजे बाग, या शब्दाचा अर्थ मुंबईत 'चाळींचा पुंजका' असा झाला.

उरलेल्या विहिरींवर पुढची गदा मलेरियामुळे आली. १९११ साली डॉ. बेंटली यांचा मुंबईतल्या मलेरियावरचा अहवाल निघाला. शहरातल्या मलेरियाचा डास विहिरींत आणि टाक्यांत वाढतो, असं त्यात दाखवलं होतं. नंतर कित्येक विहिरी बुजवल्या गेल्या किंवा झाकल्या गेल्या. धार्मिक कारणांनी लोकांनी विरोधही केला, पण माणसं मरत होती, त्यामुळे पालिकेला चूक म्हणता येत नाही. आज पावसाळ्यात पालिकेची माणसं घरी येऊन कुंडीखालची ताटली उलटी करून बघतात, तो याच गोष्टीचा पुढचा भाग. आता डास डेंग्यूचा असतो. त्याच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून ताटलीतलं पाणी आठवड्याच्या आत ओतून टाकायचं. आजी ताटलीच ठेवत नसे. डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं, आणि गळणारं पाणी खालच्या मजल्यावरच्या डब्यात. खालचे त्यावर कुरकुरत, पण त्यांची तुळस आमच्यापेक्षा दाट होती.

घरातून बाग जात होती त्याच काळात सार्वजनिक बाग आली. १८६२ साली भायखळ्याची राणीबाग लोकांसाठी उघडली. तिचं आजचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. तिच्याआधी शिवडीत एका बागायती संस्थेची बाग होती. ती जागा १८६० च्या दशकात ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली. म्हणजे ज्यांच्या आजोबांच्या दारात माड होते, त्यांना झाड बघायला रविवारी मुलाबाळांना घेऊन भायखळ्याला जायची वेळ आली.

१८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्तीला हवा-उजेड मिळावा म्हणून सुधारणेच्या योजना आल्या. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. २०७ इमारती, प्रत्येकीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. मधून बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या, अशी रचना. गिरगावच्या जुन्या चाळीसारखी उघडी गॅलरी नाही. तरीही तिथे गेलात तर खिडकीच्या गजांमागे तुळस दिसायचीच, आणि तळमजल्यावाल्यांनी भिंतीलगत जास्वंद लावलेली असायचीच. आराखड्यात नसलेली बाग लोकांनी नंतर घुसवली.

घुसवायला साधन होतं डबा. डालडा १९३७ मध्ये बाजारात आला. पिवळा पत्र्याचा डबा, त्यावर माडासारखं हिरवं झाड. तूप संपलं की डब्यात धान्य, गंज चढला की माती. ज्या शहराने माडांच्या वाड्या तोडल्या, त्या शहराच्या गॅलऱ्यांत एवढं एक झाड पत्र्यावर छापलेलं उरलं, आणि त्याच्या आत अबोली.

या डब्यांमध्ये कोण राहायचं ते बघण्यासारखं आहे. आपण ज्यांना अस्सल आपली फुलं समजतो, त्यांतली बरीच परप्रांतीय आहेत. गुलबक्षी आणि चिनी गुलाब दक्षिण अमेरिकेकडचे. झेंडू आणि निशिगंध मेक्सिकोकडचे. सदाफुली मादागास्करची. अबोली मात्र दक्षिण भारत आणि श्रीलंकेची, कोकणात घरोघर रुजलेली. आजी लग्न होऊन मालवणजवळच्या गावाहून आली, तेव्हा पदराच्या गाठीत अबोलीचं बी होतं. गिरणीत भरती व्हायला आलेला आजोबा, त्याच्यामागून आलेली आजी आणि समुद्र ओलांडून आलेली सदाफुली, सगळे एकाच कठड्याला लागून उभे.

गिरणगावात ही फुलं घड्याळासारखीही चालत. गिरणीची पहिली पाळी सकाळी ७ ते दुपारी साडेतीन. चिनी गुलाब ऊन चढल्यावर उघडतो आणि दुपारी मिटतो, म्हणजे पहिल्या पाळीच्या माणसाला तो फुललेला फक्त सुट्टीच्या दिवशी दिसणार. गुलबक्षी संध्याकाळी उमलते. आजोबा पाळी संपवून चहाचा कप घेऊन गॅलरीत बसायचा, तेव्हा त्याच्या वाट्याला गुलबक्षी यायची. सहा फुलझाडांतलं हे एकच त्याने स्वतः लावलेलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आजोबाची गिरणी पुन्हा नीट सुरू झालीच नाही. आजी दादरच्या फुलबाजारात जाऊन वेण्या गुंफायचं काम घ्यायला लागली, नगावर पैसे. हा बाजार तुळशी पाइप रोडला लागून भरतो. त्या नावातली तुळशी म्हणजे झाड नव्हे. १८७९ च्या तुळशी तलावाचं पाणी शहरात आणणारा पाइप तिथून जातो, त्याचं ते नाव. दिवसभर दुसऱ्याची फुलं गुंफून आल्यावर ती आपल्या चार डब्यांतल्या अबोलीचा एक वळेसर करायची. तो कधी विकला नाही. मजल्यावरच्या दहा खोल्यांपैकी ज्या घरी काही कार्य असेल तिथे तो जायचा. त्या काळात कुणाकडे आहेर करायला दुसरं काही नव्हतं.

सदाफुलीचं एक राहिलं. १९५० च्या दशकात कॅनडात या झाडावर संशोधन चालू होतं. मधुमेहावर औषध मिळेल अशी आशा होती. हाती लागलं ते रक्ताच्या पांढऱ्या पेशी कमी करणारं द्रव्य. त्यातून कर्करोगावरचं व्हिन्ब्लास्टिन आलं. याच झाडातून पुढे मिळालेलं व्हिन्क्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही वापरतात. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एका हाकेवर, एकाच झाडाचं एक रूप देवाला वाहिलं जातं आणि दुसरं सलाइनमधून थेंब थेंब जातं. (पानं चावून खायचा उद्योग मात्र करू नका. झाड विषारी आहे. औषध कारखान्यात शुद्ध करून, मोजून देतात.)

करारावर सह्या झाल्या. आम्ही उपनगरात भाड्याच्या घरात गेलो, चौदाव्या मजल्यावर. चाळीतल्या खोलीच्या दुप्पट जागा, स्वतंत्र संडास, चोवीस तास पाणी. आजीचे गुडघे बघता हे हवंच होतं; चाळीतल्या रात्रीच्या संडासाच्या रांगेचं मला काडीचंही कौतुक नाही. पण ग्रिलवर कुंड्या ठेवायला सोसायटीची बंदी, म्हणून अकरा डबे पश्चिमेच्या काचेच्या आत आले. मी यूट्यूब बघितलं, मातीतली ओल मोजायचं यंत्र मागवलं, फोनवर रिमाइंडर लावले. तीन महिन्यांत मोगरा गेला. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला, कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या. एका रिलीजच्या आठवड्यात मी घरी फक्त झोपायला येत होते आणि आजी तापाने पडली होती. त्या आठ दिवसांत अबोलीचे चारही डबे वाळले.

मी यंत्राला दोष देत होते. आजी म्हणाली, "पाणी घालणारो एकटोच असलो तर झाड जगणा नाय गो बाय."

तेव्हा मला गॅलरीचा हिशेब लागला. आजी गावी जायची तेव्हा महिनाभर शेजारच्या काकी पाणी घालायच्या. सकाळी जास्वंद तोडायला येणारी तिघं-चौघं पिठ्या दिसला की सांगायची, कुणी साबणाच्या पाण्याने पुसून टाकायचं. फुलं सगळ्यांच्या देवांना जायची, म्हणून झाड सगळ्यांचं होतं. कठड्याची ती दीड फूट जागा कुणाच्याच नावावर नव्हती, आणि दहा घरं तिच्यावरून रोज ये-जा करत होती. करारातली चूक शोधताना मी चौरस फूट मोजत होते. डब्यांना लागत होती ती माणसांची वर्दळ, आणि ती मोजायचा रकाना कोणत्याच आराखड्यात नव्हता.

गेल्या दिवाळीत त्या काकींना भेटायला गेलो. त्या आता डिलाईल रोडला लेकीकडे तळमजल्यावर राहतात. दाराशी भिंतीलगत तेलाचे प्लास्टिकचे डबे, आणि त्यात अबोली. कधीतरी आजीनेच दिलेल्या बियाची. काकींनी वाळलेलं एक कणीस खुडून आजीच्या तळहातावर ठेवलं.

अबोलीचं वाळलेलं बोंड पाणी लागलं की फुटतं आणि बी उडतं. घरी आल्यावर आजीने कणीस वाटीत ठेवून दोन थेंब टाकले, वर गाळणी उपडी धरली. टक्, टक् असे आवाज येत राहिले. नऊ बिया निघाल्या. तीन आम्ही ठेवल्या. सहा मी तीन पुड्यांत बांधून जुन्या मजल्यावरच्या तीन घरांना पोहोचवल्या. एक भांडुपला, एक डोंबिवलीला, एक नायगावला. मग सगळ्यांचा एक व्हॉट्सॅप ग्रुप केला. नाव 'कॉमन पॅसेज'.

काल डोंबिवलीच्या डब्याचा फोटो आला. दोन पानं आलीत. आजीने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "पाणी जास्त होता. सांग तिका."