निरभ्र आभाळ कुणाचे?

ध्यानीमनी नसताना एखादी गोष्ट घडली की इंग्रजीत ती 'आऊट ऑफ द ब्ल्यू' आली असे म्हणतात. ब्ल्यू म्हणजे निळे, स्वच्छ आभाळ. ढगाचा ठिपका नाही आणि वीज कोसळली! थॉमस कार्लाईलने १८३७ साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासात ही प्रतिमा वापरली. आपल्या घरात मात्र अशी गोष्ट 'गैबातून' येते. गैब म्हणजे जे दिसत नाही ते. उर्दूतली 'नागहानी' आफत तिचीच बहीण. पण मराठीने फारसीकडून घेतलेला 'अस्मानी-सुलतानी' हा जोडशब्द मला अधिक शहाणा वाटतो. त्यात आभाळाबरोबर राजाचाही हिशेब आहे. इंग्रजी वाक्प्रचारात हा सुलतान कुठेच नाही.

चांद्याचेच उदाहरण घ्या. २९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहितेकाठी चिंचगुडी येथे तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले. पीटर नावाचा तिसरा निसटला. तळावर झोपलेल्यांसाठी ही वीज निळ्या आभाळातूनच आली असेल, त्यांचे दुःख खोटे नव्हे. पण आभाळ खरोखर निरभ्र होते काय?

१८५३ च्या अखेरीस नागपूरचे रघूजी भोसले वारले. औरस वारस नाही म्हणून १८५४ साली राज्य खालसा झाले आणि चांद्याचे जंगल इंग्रजांकडे गेले. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी गोंड, माडिया आणि रोहिले गोळा करून मार्च १८५८ मध्येच राजगड परगण्यात उठाव केला होता. (हे रोहिले आपल्या आठवणीतून कसे निसटले, कोण जाणे!) म्हणजे चिंचगुडीच्या आधी महिनाभर ढग गडगडत होते. डेप्युटी कमिशनर क्रिक्टन यांना ते ऐकूही येत होते. त्यांनी फौज पाठवली होती. अखेर अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या माणसांनी बाबूरावांना पकडून दिले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली.

त्याच तुरुंगाच्या आवारात एक दर्गा आहे. मोहरमच्या दिवसांत तुरुंगाचे दार सामान्य लोकांसाठी उघडण्याचा तिथे रिवाज आहे. हिंदू-मुसलमान, बायाबापड्या आत जातात, विहिरीचे पाणी पितात. बाबूरावांची आठवण सांगणारा पिंपळही याच भिंतीआड. दर्ग्यातल्या वलींना लोक ज्या नावाने हाक मारतात ते नाव आहे गैबीशाह.