वेग आणि कुलूप: जीडब्ल्यू-बेसिक ते औंढा नागनाथ

आज आपण दोन प्रश्न जोडीने घेऊ. बेसिक किंवा पायथनसारख्या इंटरप्रिटेड भाषेतला प्रोग्राम वेगवान कसा करायचा, आणि त्याचा सोर्स कोड राखायचा कसा?

इंटरप्रिटर म्हणजे दुभाषा. प्रोग्राम चालू असतानाच तो अर्थ लावत जातो. एक ओळ हजारदा चालवायची, तर हजारदा तिचा अर्थ लावणार; म्हणून वेळ लागतो. शिवाय त्याला वाचता यावा म्हणून कोड ग्राहकाच्या हाती द्यावा लागतो.

जीडब्ल्यू-बेसिकमध्ये सेव्ह करताना शेवटी ‘पी’ लिहिलं की लिस्टिंग दिसत नसे. पण ते कुलूप कच्चंच होतं. डीबेसवाल्यांना १९८५ मध्ये क्लिपर हा कंपायलर मिळाला. त्यातून ईएक्सई फाइल निघायची. वेग वाढला आणि मूळ कोडही ग्राहकाकडे जाईना. एका दगडात दोन पक्षी! त्यामुळे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. ते तसे नाहीत, हे आपल्या हिंगोली जिल्ह्याशी जोडलेल्या एका कामातून दिसतं.

औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी मंजुरी दिली. तिच्या अमेरिकेतल्या थोरल्या बहिणींनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. अशी लहर गोंगाटातून ओळखायला अपेक्षित तरंगांचे नमुने डेटाशी ताडून बघतात. या कामाचा पाया घालणाऱ्यांत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश होते, त्यांचा निबंध १९९१ चा. २०१५ च्या शोधात असे सुमारे अडीच लाख नमुने होते.

हे ताडून बघण्याचं एक मुख्य सॉफ्टवेअर पायसीबीसी, आणि ते पायथनमधलं. मग वेगाचं काय? इथे पायथन मुकादम आहे. फूरिये रूपांतरासारखं जड गणित आधीच कंपाइल केलेल्या लायब्ररी करतात.

आणि कोड? तो सगळ्यांसाठी खुला. ११ फेब्रुवारी २०१६ ला शोध जाहीर झाला, तेव्हा त्या घटनेचा डेटाही खुला केला गेला. कारण दावा तपासताच आला नाही, तर त्यावर विश्वास कोण ठेवणार?

व्यापारी सॉफ्टवेअरची गरज वेगळी, हे मान्य. पण पायथनची ‘पीवायसी’ फाइल म्हणजे कुलूप नव्हे. ती उलगडता येते. लपवायचाच असेल, तर तो भाग आपल्या सर्व्हरवर ठेवावा. वेगासाठी मात्र कोड लपवावा लागत नाही. म्हणून तर वसमत-कळमनुरीचा विद्यार्थीसुद्धा तो खुला डेटा लॅपटॉपवर उतरवून ती लहर स्वतः शोधू शकतो.