अंगणात गेलेली शाळा

बालकाच्या मनाची घडण शाळेचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच, आईच्या कडेवर, ओसरीवर आणि वडीलधाऱ्यांच्या बोलण्याचालण्यात, बऱ्याच अंशी होऊन चुकते, हा विचार आपल्याकडे प्रथम ग्रंथांतून आणि व्याख्यानांतून आला. त्याची खरी कसोटी मात्र १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, समुद्रकाठच्या बोर्डी गावी, ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले तेव्हा लागली.

ताराबाई तेथे कोऱ्या मनाने गेल्या नव्हत्या. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेकांच्या सहवासात त्यांनी माँटेसरी पद्धती आत्मसात केली होती. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, आणि पुढे दादरला शिशुविहार उभा राहिला. धाक, मारझोड आणि बागुलबुवाची भीती यांनी मूल सुधारत नाही, आतल्या आत मिटते, हे ‘शिक्षणपत्रिके’तून शहरातील आईबापांच्या गळी उतरवणे कठीण असले तरी शक्य होते, कारण ते आईबाप वाचू शकत होते आणि त्यांना फुरसत होती.

बोर्डीच्या आसपासच्या वारली पाड्यांवर यांपैकी काहीच नव्हते. त्याच वर्षी, त्याच टापूत वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा पुकारला होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको जमीनदाराकडे राबत आणि त्यांना लग्नगडी म्हणत. ज्या मुलाने आपला बाप दुसऱ्याच्या दारात मान खाली घालून उभा असलेला नित्य पाहिला, त्याच्या भित्रेपणाचे मूळ त्याच्या स्वभावात शोधणे हा मला केवळ अन्याय वाटतो.

आणि मुले शाळेत येईनात. हरिजन वस्तीतील मुले तर बालवाडीच्या आवारात पाऊल टाकण्यासही बिचकत. तेव्हा ताराबाईंनी शाळाच उचलून त्यांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडीचा उगम झाला. तेथे आरंभ पाटीपुस्तकाने होत नसे. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे. मग शिंपले, खडे, बिया, माती अशी गावातच मिळणारी साधने मांडायची. परकी बाई आपले अंग ममतेने चोळून धुते आहे, हे आई दारातून पाहत असे. त्या पाहण्यातच तिचे शिक्षण होते, असे मी मानतो.

१९५७ च्या सुमारास कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि तेथे आणखी एक अडचण उघडी पडली. आईबाप मजुरीला गेले की आठनऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कमरेवर घेऊन दिवसभर घर सांभाळी. तिला शाळेत आणायचे तर भावंडाचे काय करायचे, याचे उत्तर शिक्षणखात्याच्या दप्तरात नव्हते. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छत्राखाली आणून विकासवाडी उभी केली. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली वर्गात, अशी सारी भावंडे एका आवारात राहू लागली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर चराईच्या रानातच कुरणशाळा भरे.

ताराबाई १९७३ साली निवर्तल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. अनुताई १९९२ पर्यंत, अखेरच्या दिवसापर्यंत, मुलांच्याच कार्यात राहिल्या.