कोठीची ती रात्र आणि आपली गावे

नामपल्लीच्या कचेरीतून सुटलो की मोजमजाही मार्केटवरून कोठीला यायचे आणि घरची बस धरायची, हा आम्हा नोकरदारांचा रोजचा परिपाठ. कोठीला तुर्रेबाज खानाचे स्मारक आहे. शेजारून आपण सगळेच जातो. त्याची हकिगत मात्र आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाही.

एकोणिसाव्या शतकात पोटासाठी हैदराबादेत आलेल्या परमुलखी लोकांत रोहिले आणि अरब पुष्कळ होते. जमादारांच्या पदरी शिपाईगिरी करावी, सावकारांची वसुली करावी, हा त्यांचा धंदा. शहर त्यांना वचकून असे. आपले मानीत नसे.

१८५७ च्या जूनमध्ये औरंगाबादेस कंटिंजंटच्या घोडदळाने बंड केले. दिल्लीवर चालून जायला नकार देणारा जमादार चिदा खान हैदराबादेस आला, तेव्हा दिवाण सालारजंगांनी त्याला पकडून रेसिडेंट डेव्हिडसनच्या हवाली केले. १७ जुलै, शुक्रवार. तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन सुमारे ५०० रोहिले घेऊन रेसिडेन्सीवर चालून गेले. जवळच्या दोन सावकारी घरांतून रात्रभर गोळीबार झाला. पण दिवाणांकडून आगाऊ खबर गेली होती. इंग्रजांच्या तोफा सज्ज होत्या. पहाटेपर्यंत सारे आटोपले.

मौलवींना काळे पाणी झाले. तुर्रेबाज खान जानेवारी १८५९ मध्ये कैदेतून निसटला. त्याच्यावर ५,००० रुपयांचे इनाम लागले, तूप्रानपाशी तो मारला गेला आणि त्याचे प्रेत शहरात टांगण्यात आले.

याचा आपल्याशी संबंध काय? १८५३ च्या तहात वऱ्हाड, नळदुर्ग आणि रायचूर दुआब इंग्रजांकडे गेले होते. बंडाच्या काळातील निष्ठेचे बक्षीस म्हणून १८६० मध्ये नळदुर्ग व रायचूर निजामाला परत मिळाले, ५० लाखांचे कर्जही माफ झाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवून घेतले. तुळजापूर-उस्मानाबादकडची आपली गावे अशी पुन्हा निजामाकडे आली आणि १९४८ पर्यंत तिथेच राहिली. म्हणूनच तिकडच्या आपल्या आजे-पणज्यांना नोकरीसाठी, कोर्टकचेरीसाठी हैदराबादची वाट धरावी लागली.

ज्या निष्ठेचे हे बक्षीस, तिच्या हिशेबात कोठीची ती रात्रही होतीच. पोटासाठी आलेल्या परक्यांनी तिथे मान दिली. आपणही पोटासाठीच आलो आणि इथले झालो. यंदा गणपती पाहायला मुलांना घेऊन निघालो की त्या स्मारकापाशी दोन मिनिटे थांबू आणि ही हकिगत त्यांना सांगू.