कोणत्या देशी जावे?

खोताच्या वाडीच्या आसपास राहणाऱ्या कोणत्याही मध्यमवर्गीय घरात मुलगा किंवा मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आली की एक प्रश्न हमखास निघतो. पुढे शिकायला बाहेर धाडायचे ठरले, पण कोणत्या देशी? मामा म्हणतो जर्मनी, तेथे फी नाही. शेजारी म्हणतात आयर्लंड, कारण त्यांचा भाचा तेथे आहे. क्लासचा मालक ऑस्ट्रेलियाची रंगीत पुस्तिका पुढे सरकवतो. सगळ्यांच्या हाती विद्यापीठांची एकेक क्रमवारी असते, आणि वडील मात्र गुपचूप रुपयाचा भाव पाहत बसलेले असतात.

हा प्रश्न विमानाबरोबर आला असे आपण समजतो. परंतु या भागात तो सुमारे दीडशे वर्षे विचारला जात आहे, आणि जुन्या लोकांनी त्याची उत्तरे कशी काढली हे पाहिले म्हणजे देशाच्या नावाला त्यांच्या हिशोबात फारच थोडी जागा होती असे आढळते. आपल्याला आत कोण घेईल, पैसे कोण देईल, आणि मिळालेला कागद मुंबईत परत आल्यावर किती उपयोगी पडेल, एवढेच ते पाहत. त्यातला तिसरा मुद्दा आज सर्वांत जास्त विसरला जातो, म्हणून आम्ही आज मुख्यतः त्याविषयी बोलणार आहोत.

दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाच्या नावावरून ओळखली जाणारी ही वाडी, तिच्यातली ईस्ट इंडियन कुटुंबांची लाकडी सज्जांची घरे, एका अंगाला जुना गिरगाव रस्ता, म्हणजे आजचा जगन्नाथ शंकरशेट रस्ता, आणि दुसऱ्या अंगाला विठ्ठलभाई पटेल रस्ता. येथून पायी जाण्याच्या टप्प्यात आंब्रोळीचे मिशन आणि प्रार्थना समाजाचे मंदिर. डॉ. जॉन विल्सन यांच्या शिक्षणकार्याचा गिरगावाशी १८३२ पासून संबंध. तेव्हा इंग्रजी विद्येचा वारा या गल्लीबोळांना लवकर लागला, यात नवल नाही.

प्रारंभी निवड करण्यासारखे फारसे काही नव्हतेच. 'विलायत' या शब्दाचा मूळ अर्थ प्रांत किंवा मुलूख. पण मराठीत तो इंग्लंडचे विशेषनाम होऊन बसला. त्याला कारण होते. सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा १९२२ पर्यंत लंडनलाच होत असे. हायकोर्टाच्या मूळ शाखेत साध्या वकिलाला उभे राहता येत नसे. तेथे बॅरिस्टर लागे, आणि बॅरिस्टर घडे लंडनच्या चार इन्समध्ये. हायकोर्टाने ॲडव्होकेटची एक परीक्षा येथेच ठेवलेली होती, आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८७२ मध्ये ती उत्तीर्ण होऊन, बॅरिस्टरीवाचून, १८८९ मध्ये हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. पण तेलंगांची बुद्धी कितीजणांपाशी? बाकीच्यांनी कर्ज काढले, आगबोट धरली, आणि परत आल्यावर समुद्रोल्लंघनाचे प्रायश्चित्त घ्यायचे की जातीबाहेर बसायचे, एवढाच विचार केला. देशाची निवड कायद्याने आधीच करून ठेवली होती.

निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो स्त्रियांपुढे, कारण त्यांना विलायतेचे दार उघडे नव्हते. आनंदीबाई जोशी अमेरिकेस का गेल्या याचे उत्तर पुष्कळदा त्यांच्या धाडसात शोधले जाते. धाडस होतेच, पण वाट कशी सापडली हेही पाहावे. गोपाळरावांनी कोल्हापूरच्या एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापले गेले, ते न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले आणि त्यांनी आपण होऊन पत्रव्यवहार सुरू केला. १८५० मध्ये खास स्त्रियांसाठी स्थापन झालेले एक वैद्यकीय महाविद्यालय फिलाडेल्फियात होते. म्हणजे घर होते आणि शाळा होती. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि १८८६ च्या मार्चमध्ये एम. डी. झाल्या. मद्रासला १८७५ पासून वैद्यकाचे वर्ग स्त्रियांना खुले होते, मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज तर १८८३ मध्येच खुले झाले. तरी त्यांनी दूरचे दार निवडले. स्वदेशात एकट्या हिंदू स्त्रीला शिकताना जो जाच होई तो त्यांनी कलकत्त्यास रस्त्यावर चालताना अनुभवला होता. परतल्यावर नेमणूक मिळाली ती कोल्हापूर संस्थानच्या इस्पितळात. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचे निधन झाले.

दुसरी गोष्ट मुंबईच्याच मुलीची, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने ती अधिक बोधप्रद आहे. रखमाबाई प्रार्थना समाजाच्या साप्ताहिक उपासनेस जाणाऱ्या घरातल्या. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे नावाजलेले वैद्य. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८४ मध्ये दादाजी भिकाजींनी दावा लावला. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. त्यांनी तुरुंग पत्करला. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. हा खटला शाळेच्या पुस्तकांतूनही येतो. त्यानंतर त्या कोठे आणि कशा शिकल्या, इकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही.

त्यांना वाट दाखवली डॉ. एडिथ पीची यांनी. या बाई १८८३ च्या अखेरीस मुंबईस आल्या आणि नव्या कामा इस्पितळाच्या प्रमुख झाल्या. परदेशी विद्यापीठ कसे निवडावे हे पीचीबाईंपेक्षा कोणाला अधिक ठाऊक असणार! १८६९ मध्ये एडिंबरो विद्यापीठात ज्या पहिल्या मुली शिरल्या त्यांत त्या होत्या. रसायनाच्या परीक्षेत त्यांनी मुलांना मागे टाकले, तेव्हा विद्यापीठाने होप शिष्यवृत्ती खालच्या क्रमांकाच्या मुलाला दिली. चार वर्षांनी कोर्टानेही सांगितले की या मुलींना पदवी देण्याचे बंधन विद्यापीठावर नाही. पीचीबाई स्वित्झर्लंडमध्ये बर्नला गेल्या आणि १८७७ मध्ये जर्मन भाषेत परीक्षा देऊन त्यांनी एम. डी. मिळवली. पण बर्नच्या पदवीवर ब्रिटिश वैद्यकीय नोंदवहीत नाव चढत नव्हते. म्हणून त्याच वर्षी डब्लिनच्या वैद्यकीय महामंडळाची परीक्षा दिली, आणि मग कोठे त्या कायदेशीर डॉक्टर झाल्या. विद्या एका देशात, पदवी दुसऱ्या देशात, परवाना तिसऱ्या देशात.

या अनुभवी बाईंनी रखमाबाईंना जी वाट धरावयास लावली ती पाहा. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या. शिक्षण लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये, रोग्यांचा अनुभव रॉयल फ्री इस्पितळात. लंडनमध्ये मुलींना शिकवणारे इस्पितळ तेवढेच. लंडन विद्यापीठाच्या पदव्या १८७८ पासून स्त्रियांना मिळत होत्या हे खरे, पण त्यासाठी तेथली मॅट्रिक व्हावे लागे, आणि कोवळ्या वयात लग्न होऊन बहुतेक घरीच शिकलेल्या मुलीला तो मोठाच डोंगर. लंडनची शल्यवैद्यांची व भिषग्वरांची महामंडळे स्त्रियांना परीक्षेला बसूच देत नव्हती, आणि पुढे १९०९ च्या सुमारापर्यंत त्यांनी दिलेही नाही. मग उरले स्कॉटलंड. एडिंबरोची दोन आणि ग्लासगोचे एक अशा तीन संस्थांची १८८४ पासून एकत्र परीक्षा होती व ती १८८६ पासून स्त्रियांना खुली होती. ज्या एडिंबरोने पीचीबाईंना पदवी नाकारली त्याच शहरातल्या या दुसऱ्या दारातून रखमाबाई आत गेल्या. त्याने नोंदवहीत नाव चढले. आता 'एम. डी.' ही अक्षरे हवी होती. ती ब्रुसेल्सला मिळत. आधीच परवाना असलेल्या डॉक्टरांना तेथे थोड्या मुदतीत परीक्षा देता येई. १८९४ पर्यंत हे सर्व आटोपून रखमाबाई परत आल्या, सुरतेस आणि मग राजकोटला त्यांनी मिळून सुमारे पस्तीस वर्षे स्त्रियांची इस्पितळे चालवली. १९५५ मध्ये त्या वारल्या. बंगालच्या कादंबिनी गांगुली १८९३ मध्ये याच स्कॉटिश परीक्षेसाठी गेल्या होत्या. वाट चांगली रुळली होती म्हणावयाची.

कोणी म्हणेल, ही वैद्यकाची गोष्ट झाली. तेथे परवाना लागतोच. निव्वळ विद्येसाठी जाणाऱ्याला ही पंचाईत कशाला?

त्यासाठी गिरगावातून परळला जाऊ. १९१३ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजचे नवे पदवीधर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. कोलंबिया त्यांनी पुस्तिका चाळून निवडले नव्हते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी अमेरिका स्वतः पाहिली होती, ग्रंथालये उभारायला तिकडचा जाणकार माणूस त्यांनी बडोद्यास आणला होता, आणि विद्यार्थी तिकडे पाठवण्याकडे त्यांचा ओढा होता. विल्सन कॉलेजात शिकलेले श्रीधर व्यंकटेश केतकर, पुढचे ज्ञानकोशकार, १९०६ मध्येच कॉर्नेलला गेले होते आणि १९११ मध्ये डॉक्टरेट घेऊन मोकळे झाले होते. आंबेडकरांना बडोद्याची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार.

कोलंबियात सेलिग्मन आणि ड्यूई यांच्यासारखे गुरू मिळाले, १९१५ मध्ये एम. ए. झाले, डॉक्टरेटचा प्रबंधही लिहून झाला. परंतु तेथला नियम असा की प्रबंध छापून त्याच्या प्रती दाखल केल्याशिवाय पदवी पदरात पडत नसे. छपाईला पैसा लागतो. प्रबंध छापून निघाला १९२५ मध्ये, पदवी मिळाली १९२७ मध्ये. एवढी विद्या घेऊन १९१७ मध्ये बडोद्यास गेलेल्या या माणसाला तेथे राहावयास खोली मिळेना, ही हकीकत आपण सर्व जाणतो. कोणत्याही देशाची पदवी त्या कामी उपयोगी पडली नाही.

आता त्यांनी पुढे काय केले ते पाहावे. १९१६ मध्येच त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी नाव घातले होते. शिष्यवृत्ती संपल्याने परतावे लागले तेव्हा लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत त्यांनी मागून घेतली. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पगारातून शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य, पारशी मित्र नवल भथेना यांचे कर्ज, असे करून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम. एस्‌सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी. एस्‌सी. मधल्या काळात बॉनलाही जाऊन आले. अर्थशास्त्रात एवढे शिखर गाठलेल्या माणसाला बॅरिस्टरी कशाला हवी होती? आमच्या मते उत्तर सरळ आहे. नोकरी देणारा जात विचारतो, हे बडोद्याने शिकवले होते. बॅरिस्टरला नोकरी मागावी लागत नाही. अशिलांनीही जात पाहिलीच, पण हायकोर्टाला त्यांना उभे राहू द्यावे लागले. कोलंबियाने विचार दिला. स्वतंत्रपणे जगण्याची सोय ग्रेज इनने केली. दोन्ही एका देशात मिळत नव्हते.

जपान आणि जर्मनीविषयी थोडक्यात. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीच्या लाटेत काच, आगपेट्या असले धंदे शिकायला तरुण जपानला जाऊ लागले. तळेगावच्या पैसा फंडाच्या काच कारखान्यामागे जपानात मिळवलेले तंत्र होते. तेथे पदवीचा प्रश्नच नव्हता. भट्टी पेटली की विद्या सिद्ध झाली. जर्मनीचे नाव रसायनासाठी होते. दिनकर धोंडो कर्वे तेथून रसायनाची डॉक्टरेट घेऊन आले आणि मग त्यांच्या पत्नी इरावतीबाई, मुंबई विद्यापीठात घुर्ये यांच्या हाताखाली एम. ए. होऊन, १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचलेल्या महर्षी कर्व्यांना सुनेचे हे जाणे पसंत नव्हते, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. बर्लिनचे गुरू ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि गुरूंना हवा होता तो निष्कर्ष निघत नाही असे प्रबंधात लिहिले. १९३० मध्ये पदवी मिळाली. देश निवडताना तेथले मत निवडावे लागत नाही, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. आणि घुर्ये? मुंबई विद्यापीठाने त्यांना लंडनला हॉबहाउस यांच्याकडे धाडले होते. तेथे मन रमेना, तेव्हा ते केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे गेले. त्यांनी देश तोच ठेवून गुरू बदलला.

आज या गोष्टींचा काय संबंध, असे वाटत असेल तर वैद्यकाचेच पाहा. परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्या भारतीय मुलांना २००२ पासून येथे चाळणी परीक्षा द्यावी लागते, आणि तीत नापास होणारे नेहमीच फार. पाच-सहा वर्षे आणि घरचे दागिने गेल्यावर कळते की पदवी तिकडची आहे, नोंदवही इकडची आहे. पीचीबाईंना १८७७ मध्ये बर्नहून डब्लिनला का जावे लागले, हे त्या मुलाच्या बापाला कोणी आधी सांगितले असते तर? कायदा, वास्तुशास्त्र, दंतवैद्यक, सगळीकडे हीच नोंदवही बसलेली आहे. क्लासच्या पुस्तिकेत तिचे पान नसते.

आणि एक. महाराष्ट्र शासन अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शिष्यवृत्ती देते. ती योग्यच आहे, आणि तिने पुष्कळांचे सोने केले आहे. पण ती मिळण्यासाठी विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरचे असावे लागते. रखमाबाईंची ती लहानशी मुलींची शाळा असल्या कोणत्या क्रमवारीत बसली असती, हे अर्ज तपासणाऱ्यांनी एकदा स्वतःशी विचारून पाहावे.