पाहणारी दृष्टि व तिची परीक्षा
(गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पूर्वतपासणीचें महाराष्ट्रांतील प्रकरण)

जुनीं कागदपत्रें मिळविणाऱ्या व वाचणाऱ्या मंडळींच्या त्रैमासिकांत वैद्यकाचें एक अर्वाचीन प्रकरण पाहून कांहीं वाचक विस्मित होतील. परंतु ज्या प्रश्नानें आमचें लक्ष या विषयाकडे वेधलें, तो आपल्या नित्य व्यवहारांतलाच आहे. एकच जीर्ण मोडी पत्र दोघां वाचकांच्या हातीं दिलें, तर दोघेहि एकच मजकूर वाचतील काय? न वाचल्यास कोणाचें वाचन प्रमाण धरावें? आणि अमुक एक मनुष्य वाचावयास लायक झाला, हें कोणीं व कसें ठरवावें? बार्शी, उस्मानाबाद (2023 पासून धाराशिव) व मुंबई या तीन ठिकाणीं हाच प्रश्न कागदाऐवजीं मनुष्यदेहाविषयीं विचारला गेला, आणि त्याच्या उत्तरावर अनेक स्त्रियांचे प्राण अवलंबून होते.

प्रथम रोगाचें स्वरूप सांगूं. आपल्या आयुर्वेदग्रंथांत ‘अर्बुद’ या नांवाखालीं गांठींचें वर्णन आहे. परंतु गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचें कारण निश्चित होण्यास विसावें शतक संपत यावें लागलें. हा रोग ज्या विषाणूमुळें होतो त्याचा एक मुख्य प्रकार जर्मन संशोधक हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनीं 1983 मध्यें उघड केला. त्यांस 2008 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. विषाणूचा संसर्ग झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा वर्षें किंवा त्याहून अधिक काळ लोटतो, व त्या काळांत गर्भाशयमुखावर पूर्वचिन्हें दिसूं लागतात. म्हणजे रोग येण्यापूर्वीं त्याची चाहूल घेतां येते. रुमानियांत ऑरेल बाबेश यांनीं 1927 मध्यें व अमेरिकेंत जॉर्ज पापानिकोलाउ यांनीं 1928 मध्यें पेशी कांचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं तपासण्याची रीति मांडली. पापानिकोलाउ यांच्या रीतीस खरी मान्यता मिळाली ती 1941 च्या लेखानंतर. त्याच वर्षीं, 28 फेब्रुवारी 1941 रोजीं, मुंबईंत परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें.

ही रीति उत्तम खरी. परंतु तिला प्रयोगशाळा लागते, निष्णात वाचक लागतो, आणि उत्तर येईपर्यंत कांहीं दिवस जातात. तोंवर स्त्री आपल्या गांवीं परत गेलेली असते. म्हणून दोन पर्याय पुढें आले. पहिला अगदीं साधा : अ‍ॅसिटिक आम्लाचें सौम्य पाणी, म्हणजे शिरक्यासारखेंच द्रव्य, गर्भाशयमुखास लावावयाचें व मिनिटभरानें पांढरा डाग उमटतो कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावयाचें. दुसरा पर्याय विषाणूचीच यंत्रद्वारां चाचणी करण्याचा. पहिल्यांत निर्णय डोळा देतो, दुसऱ्यांत यंत्र. पुढील सर्व विवेचन या भेदावर उभें आहे.

आतां बार्शीकडे वळूं. मृत्यु कमी झाले असें म्हणावयाचें, तर मुळांत मृत्यूंची यादी हवी. ती खेड्यांत नव्हती. 1987 मध्यें बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील 346 गांवांसाठीं ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. हिंदुस्थानांतील खेड्यांची अशी ही पहिली नोंदवही. रुग्ण दवाखान्यांत येण्याची वाट न पाहतां नोंदणी करणारे स्वतः गांवोगांव फिरत, जाणत्या माणसांस भेटत व आजाऱ्यांचा शोध घेत. असें हिंडतां हिंडतां लोकांस रोगाची माहितीहि सांगितली जाई. तिचा परिणाम असा झाला कीं, स्त्रिया रोगाच्या पूर्वींपेक्षां आधींच्या अवस्थेंत उपचारास येऊं लागल्या. हा निष्कर्ष 1995 मध्यें प्रसिद्ध झाला. नुसत्या नोंदीनें व बोलण्यानें एवढें घडलें, हें इतिहासाच्या अभ्यासकांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

या पायावर उस्मानाबाद जिल्ह्यांत 1999 मध्यें मोठा प्रयोग आरंभला. 52 ग्रामसमूह, 30 ते 59 वर्षें वयाच्या 1,31,746 स्त्रिया, व चार गट : एकास विषाणुचाचणी, एकास पेशीपरीक्षा, एकास आम्लपरीक्षा, आणि चौथ्यास कांहींच नाहीं. प्रत्येक परीक्षा एकदांच व्हावयाची होती. आठ वर्षांच्या अवलोकनाचा निकाल 2009 मध्यें प्रसिद्ध झाला. या रोगानें झालेले मृत्यु विषाणुचाचणीच्या गटांत 34, पेशीपरीक्षेच्या गटांत 54, आम्लपरीक्षेच्या गटांत 56 व चौथ्या गटांत 64. गट सामान्यतः सारख्याच आकाराचे असल्यानें विषाणुचाचणीनें मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले. इतर दोहोंचा फरक मात्र यदृच्छेनेंहि पडला असता, इतका लहान ठरला.

मुंबईंतील साक्ष याच्या उलट दिसते. तेथें टाटा स्मारक रुग्णालयानें 1998 मध्यें झोपडपट्ट्यांच्या 20 समूहांत सुमारें दीड लाख स्त्रियांवर प्रयोग सुरू केला. अर्ध्या समूहांत दर दोन वर्षांनीं, एकूण चार वेळां, आम्लपरीक्षा झाली. उरलेल्यांत एकदां केवळ रोगाची माहिती सांगितली गेली. 2013 मध्यें जाहीर झालेला निकाल असा कीं, आम्लपरीक्षेच्या समूहांत या रोगाचे मृत्यु शेंकडा 31 नें कमी झाले. तमिळनाडूंतील दिंडीगल जिल्ह्यांतील 2007 च्या निकालांत तर एकाच आम्लपरीक्षेनें मृत्यु शेंकडा 35 नें घटल्याचें नमूद आहे.

एकाच रीतीविषयीं तीन साक्षी, आणि त्यांत मेळ नाहीं. अशा वेळीं आपण काय करतों? एक पत्र खरें व दुसरें बनावट, असा निवाडा घाईनें देत नाहीं. लिहिणारा कोण, त्यानें किती वेळां व कोठून पाहिलें, हें विचारतों. मुंबईंत परीक्षा चार वेळां झाली म्हणून गुण आला, असें म्हणावें तर दिंडीगल येथें ती एकदांच झाली होती. तेव्हां फेऱ्यांच्या संख्येनें सारें उलगडत नाहीं. आमचें अनुमान असें कीं, ज्या रीतींत निर्णय डोळ्याचा, तिचें फळ डोळ्याच्या शिक्षणाप्रमाणें बदलणारच. पांढरा डाग सुजेमुळेंहि उमटतो. तो कोणता व रोगाचा कोणता, हें ओळखणें मोडींतील सारख्या दिसणाऱ्या दोन अक्षरांत भेद करण्याइतकेंच अभ्यासाचें काम आहे. विषाणुचाचणीच्या यंत्रास ही अडचण नाहीं.

म्हणूनच मुंबईच्या प्रयोगांतील एक बाब आम्हांस मृत्यूच्या आंकड्यांखालोखाल महत्त्वाची वाटते. तेथें परीक्षा करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. किमान दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांस सुमारें चार आठवडे शिक्षण देऊन हें काम सोंपविलें होतें. त्यांचें पाहणें तज्ज्ञ स्त्रीरोगवैद्याच्या पाहण्याशीं ताडून पाहिलें गेलें. जेकब कोहेन यांनीं 1960 मध्यें मांडलेल्या ‘कॅपा’ या मापांत केवळ यदृच्छेनें होणारी एकवाक्यता वजा केली जाते. पूर्ण मेळास 1, व योगायोगापुरत्याच मेळास 0. या स्त्रियांचा आंकडा 0.84 आला. पदवीनें जें सिद्ध होत नाहीं, तें ताडून पाहिल्यानें सिद्ध झालें.

वैद्यकशिक्षणाच्या इतिहासांत हा विचार उशिरां आला. मुंबईंत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय 1845 मध्यें निघालें. त्यानंतर दीर्घकाळ परीक्षेचा भर लेखी उत्तरांवर व तोंडी प्रश्नांवर राहिला. विद्यार्थ्यास ठराविक स्थानकांवरून फिरवून प्रत्येक ठिकाणीं एकेक कृति करावयास लावण्याची पद्धति स्कॉटलंडांतील डंडी येथें रोनाल्ड हार्डेन यांनीं 1975 मध्यें मांडली. आपल्याकडे 2019 पासूनच्या पदवी-अभ्यासक्रमानें ‘काय ठाऊक आहे’ याबरोबर ‘काय करतां येतें’ हें मोजण्याचें ठरविलें, व गर्भाशयमुखाच्या तपासणीच्या रीति त्यांत समाविष्ट आहेत. परंतु रीतींचीं नांवें सांगतां येणें व डाग ओळखतां येणें यांत, पोथ्यांची यादी पाठ असणें व पोथी वाचतां येणें यांइतकें अंतर आहे.

येथें नंदुरबारचा संबंध येतो. 1 जुलै 1998 रोजीं धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यांत 2020 मध्यें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. अक्कलकुव्याच्या व अक्राणीच्या डोंगरांत पाडे विखुरलेले आहेत. भिली, पावरी, मावची या तेथल्या बोली. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय पाहणींत 30 ते 49 वर्षांच्या स्त्रियांपैकीं अशी तपासणी कधींहि झालेल्या स्त्रिया देशांत शेंकडा 1.9 आढळल्या. एकदां घरीं गेलेली स्त्री निकालासाठीं घाट उतरून पुन्हां येईल, हें येथें गृहीत धरतां येणार नाहीं. तेव्हां नव्या वैद्याची पात्रता ठरवितांना डाग ओळखण्याबरोबरच, तपासणी कशासाठीं आहे हें तिला तिच्या बोलींत सांगतां येतें कीं नाहीं, हेंहि पाहिलें जावें, असें आमचें मत आहे. बार्शीनें हेंच शिकविलें.

एक कठीण गोष्ट राहिली. उस्मानाबादेंतील ज्या चौथ्या गटांत 64 स्त्रिया मरण पावल्या, त्यांची तपासणी झाली नव्हती. त्या वेळीं देशांतल्या खेड्यांत अशी तपासणी मुळींच नव्हती, म्हणून कोणाचें कांहीं हिरावलें नाहीं, असा एक पक्ष; पूर्वचिन्हें शोधून उपचार केल्यास रोग टळतो हें जगास आधींच ठाऊक असतां एक गट तसाच ठेवणें अयोग्य, असा दुसरा. दोन्ही पक्षांचें म्हणणें छापून आलें आहे. पहिल्या पक्षाचा आधार वस्तुस्थितीचा आहे हें आम्ही मान्य करितों; तरी उणीव जुनी आहे म्हणून ती निर्दोष होत नाहीं, असें आम्हांस वाटतें. निदान त्या स्त्रियांच्या मृत्यूनें मिळालेलें ज्ञान वापरलें न जाणें, हा तर दुसरा अन्याय होईल.

शेवटीं संग्राहकांस विनंति. गांवोगांव वाटलेलीं माहितीपत्रकें, मराठी संमतिपत्रांचे कोरे नमुने, प्रशिक्षणाच्या वह्या, चित्रफलक हीं आज रद्दी वाटतात. दोनशें वर्षांपूर्वींचे जमाखर्चहि एकदां रद्दीच होते. रुग्णांचीं नांवें असलेले कागद गुप्तच राहावेत. बाकीचे वाळवीच्या तोंडीं जाण्यापूर्वीं जपावेत. चौथ्या गटांतील स्त्रियांस कोणीं, कोणत्या शब्दांत, काय सांगितलें होतें, हें पुढच्या संशोधकास त्यांवरूनच वाचावें लागेल.