बाबांच्या कीर्तनातली मुकी जनावरं

रस्त्यावरची जखमी कुत्री उचलायची, सोडून दिलेल्या गुरांना चारापाणी करायचं, हे शहरी पोरांचं नवं खूळ आहे असं अमरावती-अकोल्यात अजूनही ऐकू येतं. मला ते पटत नाही. वऱ्हाडात ही वाट गाडगेबाबांनी पाडली, आणि माणसाच्या पोटाची काळजी करता करता पाडली.

गाडगेबाबांचं मूळ नाव डेबूजी जानोरकर. जन्म 1876 चा, शेंडगावच्या परीट घरातला. बाप दारूपायी गेला आणि पोरगा मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला मामाकडे वाढला. गुरं राखली, औत हाकलं. पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. बैलाचे कष्ट आणि कर्जाचा फास, दोन्ही त्यांनी एकाच शेतात पाहिले. म्हणून मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून त्यांनी गोडाची पंगत घातली, तेव्हा त्यांनी बोकडही वाचवला आणि घरही. भाऊबंद रुसले, पण डेबूजी हटले नाहीत.

1905 साली त्यांनी घर सोडलं. पूर्णेकाठच्या ऋणमोचनला पौषातल्या रविवारी जत्रा भरते. तिथे 1908 मध्ये त्यांनी घाट बांधला. देवाच्या नावानं जीव मारू नका, सणासाठी कर्ज काढू नका, ही दोन्ही सांगणी त्यांच्या कीर्तनात जोडीनंच येत. 1925 साली मूर्तिजापूरला गोरक्षण उभं राहिलं, सोबत धर्मशाळा आणि विद्यालय. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याचं अन्न आणि गरिबाच्या मुलाचं शिक्षण आहे, त्याच ओळीत मुक्या प्राण्यांना अभयही आहे. ही मांडणी मला फार मोलाची वाटते.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. हळद-तुपात बुडवलेलं पळसाचं पान जुवानं सोललेल्या खांद्यावर फिरतं, तेव्हा बैल मान खाली घालून गप उभा राहतो. ज्या हातांना हे जमतं, त्यांना कुत्र्याच्या जखमेतल्या अळ्या चिमट्यानं काढणं शिकवावं लागत नाही. जखमी, सोडलेल्या जनावरांची सेवा करणाऱ्या आमच्या गटात खेड्यातून आलेली पोरं सर्वांत धीराची असतात, हे मी वारंवार पाहिलं आहे.

आता कायद्याचीही साथ आहे. 1960 च्या कायद्यानं प्राण्याला छळणं गुन्हा ठरलं. 2023 च्या नियमांप्रमाणे मोकाट कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला त्याच्याच मोहल्ल्यात परत सोडायचं असतं. खरी अडचण घरातल्या कुत्र्यांची आहे. हौसेनं आणलेलं पिल्लू वर्षभरात नकोसं होतं आणि बायपासवर सोडलं जातं.

बाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत, उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. पिल्लू मागायला आलेल्या माणसाला आम्हीही तसंच विचारतो. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस कोण टोचून आणणार? दरवर्षी पुन्हा कोण नेणार? उन्हाळ्यात तुम्ही गावी गेलात तर याला पाणी कोण ठेवणार? उत्तर देताना घरातली बाई आणि पोरं एकमेकांकडे पाहू लागली, तर पिल्लू त्या दिवशी आमच्याकडेच राहतं.